पिसांची गादी : घ्यावी की नको?

आमची पुतणी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात हाऊसकीपिंगला आहे. हॉटेलने खोल्यांमधले जुने अंथरूण-पांघरूण काढले, तेव्हा कामगारांना ते स्वस्तात दिले. तिने त्यातली एक पिसांची गादी घेतली, टॅक्सीच्या टपावर टाकली आणि थेट आमच्याकडे आणली. "काकू, आजीच्या खुब्याला मऊ लागेल," म्हणाली.

सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. पाठीवर त्यांना झोप येत नाही. ज्या कुशीवर निजतील तो खुबा पहाटे ठणकतो. त्यामुळे पोरीने आठवणीने आणलेली वस्तू पाहून आम्हालाही बरे वाटले.

ही मूळ गादी नव्हे. मूळ गादीच्या वर अंथरायचा हा दोन-तीन इंचांचा थर. इंग्रजीत टॉपर म्हणतात. आत बदकांची आणि पाळीव हंसांची पिसे असतात. पोटाकडची बारीक लव असेल तर ती मऊ, कारण तिला काडी नसते. नुसती पिसे असतील तर त्यांच्या काड्या कापडातून बाहेर येऊन टोचतात. स्वस्त मालात पिसेच जास्त. म्हणून घेताना तळहाताने दाबून पाहावे, टोचले तर परत ठेवावे. वरचे कापडही घट्ट विणीचे हवे.

पिसांचा गुण आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. खुबा, खांदा असा हाडाचा भाग त्यात रुततो आणि भार आजूबाजूला वाटला जातो. ऊबही चांगली राहते. युरोपातल्या थंड मुलखात पूर्वी पिसांची गादी म्हणजे घरची मालमत्ता होती, मृत्युपत्रात तिचा उल्लेख करीत. पण तिथली थंडी वेगळी आणि आपला मे महिना वेगळा. दहा बाय बाराच्या खोलीत, पंख्याखाली, ही ऊबच अंगाला चिकटते.

पहिल्या रात्री सासूबाईंना छान झोप लागली. सकाळी म्हणाल्या, "खुबा दुखला न्हाई गं." आम्ही खूष. तिसऱ्या रात्री मात्र धडपड ऐकू आली. त्यांना लघवीला उठायचे होते, पण उठता येईना. हात टेकला की हात आत जाई. "चिखलात पाय गेल्यागत व्हतंय," म्हणाल्या. आम्ही धरून उठवले. ज्या घरात संडास बाहेर आहे आणि म्हातारे माणूस रात्री एकटे उठते, त्या घरात ही गोष्ट खुब्याच्या दुखण्याहून मोठी आहे. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर माणूस पुन्हा चालेलच असे नाही.

पुतणीला विचारले तेव्हा तिने कामातली माहिती दिली. हॉटेलात हा थर टणक गादीवर टाकतात आणि रोज झटकून सारखा करतात. नाहीतर माणूस झोपतो तिथे खळगा पडतो आणि पिसे कडेला गोळा होतात. म्हणजे खाली चांगली गादी नसेल तर याचा उपयोग नाही. जमिनीवर नुसता अंथरला तर तासाभरात पाठीला फरशी लागते.

आणखी एक खटाटोप आम्ही केला. गादी डबल बेडची, आमची खाट तीन फुटांची. कापून दोन करू म्हणून कडेला कात्री लावली. पुढचे दोन दिवस घरात पिसेच पिसे, कणकेत, डाळीत, देवळीत! आधी दोन ओळींनी शिवण मारून मग मधून कापायचे असते, हे शहाणपण नंतर सुचले.

सासूबाईंनी विचारले, "पाखरं मारून करत्यात का?" बहुतेक पिसे मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असतात, पण काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांचीही उपटतात, असे आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, "कोंबडी आपुनबी खातो. पर जित्याची उपटनं लई वंगाळ." पौर्णिमेला त्या अष्टशील पाळतात, त्या रात्री उंच आणि मऊ शय्या वर्ज्य असते. तेव्हा त्या दिवशी तरी प्रश्न मिटलेला असतो, चटईवर गोधडी.

आता आपल्या घरातल्या वस्तूंचे पाहू. कापसाची गादी वर्षा-दोन वर्षांत बसते, गाठी होतात. पण ती पिंजून घेता येते, थोडा नवा कापूस घातला की पुन्हा उभी राहते. सावरीचा कापूस हलका, उशीला फार छान. गोधडी तर आपला जुना टॉपरच! लुगड्यांचे सात-आठ पदर, वर धावदोरा. नळाखाली धुता येते, उन्हात दिवसभरात वाळते. पिसांची गादी तशी धुता येत नाही. आतपर्यंत वाळली नाही तर कुबट वास येतो, आणि पावसाळ्यात ती वाळणार कुठे? तिला खोळ घालावी आणि कोरड्या दिवशी हवा द्यावी, एवढेच हाती राहते.

दोन ठिकाणी मात्र आम्ही ठाम सांगतो. वर्षाच्या आतल्या बाळाला या गादीवर कधीही निजवू नये. तोंड रुतले तर बाळाला मान वळवता येत नाही, श्वास कोंडतो. बाळाला सपाट, टणक अंथरूणच हवे. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पिसांच्या गादीने जखमा होणार नाहीत, असे समजू नये. त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. पंपाची हवेची गादी मिळाली तर तिची मदत होते, पण कूस बदलणे तिनेही चुकत नाही.

आमच्याकडे आता असे ठरले आहे. रात्री सासूबाई पिंजून घेतलेल्या कापसाच्या गादीवर, वर दोन गोधड्या घालून झोपतात, आणि गुडघ्यांच्या मध्ये उशी घेतात. खुबा ठणकतो, पण पूर्वीइतका नाही. अर्धी पिसांची गादी दुपारी अंथरतो, घरात कुणी उठवायला असते तेव्हा. उरलेली अर्धी पुतणी घेऊन गेली. तिच्या आईच्या खांद्याला लागते म्हणाली.