आठ तासांची सिडनी

जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी भोंगा वाजवून निघून जाते. मधला वेळ तेवढा प्रवाशांचा. क्रूझच्या सहलीत बहुतेक शहरे अशी एका दिवसापुरतीच भेटतात. मग केबिनमध्ये वादाला सुरुवात होते. मुलांना वाळूत खेळायचे असते, वडिलांना फोटो काढायचे असतात, आईला थोडी खरेदी करायची असते आणि आजींचे गुडघे दहा पायऱ्यांतच कुरकुरू लागतात. शेवटी ‘तुम्ही जहाजावरच आराम करा’ असे आजींना सांगून बाकीचे निघतात आणि दहा ठिकाणे गाठण्याच्या नादात निम्मा दिवस बसमध्ये घालवतात.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी बंदरात तरी असे होऊ देऊ नका. कारण इथे पाहण्यासारखे बरेच काही धक्क्याभोवतीच आहे. नियम एकच पाळायचा : लांबचे आधी, जवळचे शेवटी.

आधी आपले जहाज कुठे थांबणार आहे ते विचारून घ्या. मोठी जहाजे हार्बर ब्रिजखालून जाऊ शकत नाहीत. ती पुलाच्या अलीकडे, सर्क्युलर की या गजबजलेल्या धक्क्यावर थांबतात. पुलाखालून जाऊ शकणारी काही जहाजे पलीकडे व्हाइट बे इथे लागतात. तिथून शहरात यायला वाहन लागते. तो जाण्यायेण्याचा वेळ हिशेबात धरा.

सकाळी : मॅनलीची फेरीबोट

सर्क्युलर कीवरून मॅनलीला फेरीबोट जाते. प्रवास सुमारे अर्ध्या तासाचा. टेकवून पैसे देता येणारे, परदेशात चालणारे बँकेचे कार्ड असले की वेगळे तिकीट काढावे लागत नाही. ही रोज कामावर जाणाऱ्यांची बोट, पण पूल, ऑपेरा हाऊस आणि बंदराचे मुख असे सगळे देखावे ती बसल्या जागी दाखवते. आजींसाठी याहून सोयीची सहल कोणती? मॅनलीच्या धक्क्यावरून समुद्रकिनारा काही मिनिटांच्या चालीवर आहे. मुलांना फक्त लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच पाण्यात उतरू द्या. जीवरक्षकांचे लक्ष तिथेच असते. इथले ऊन फार तीव्र असते, तेव्हा टोप्या विसरू नका.

दुपारी : ऑपेरा हाऊस

परत आल्यावर धक्क्याच्या कडेने रमतगमत ऑपेरा हाऊसकडे चला. लांबून पांढरेशुभ्र दिसणारे त्याचे छत जवळून पाहिले, की त्यात चकचकीत पांढऱ्या आणि मंद मलईरंगी फरशा दिसतात. दहा लाखांहून अधिक फरशा आहेत त्या!

मुलांना इथली गोष्ट जरूर सांगा. डेन्मार्कचे वास्तुविशारद यॉर्न उत्झॉन यांचा आराखडा १९५७ साली स्पर्धेत निवडला गेला. काम लांबले, खर्च वाढला, सरकारशी खटके उडाले. १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते देश सोडून गेले. १९७३ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले, पण उत्झॉन पुन्हा कधीच ऑस्ट्रेलियात आले नाहीत. २००८ साली त्यांचे निधन झाले. आपली पूर्ण झालेली इमारत त्यांनी प्रत्यक्ष पाहिलीच नाही. अशा जागी पाच मिनिटांत फोटो काढून पळणे बरे नव्हे.

शेजारीच १८१६ साली सुरू झालेले वनस्पती उद्यान आहे. प्रवेश विनामूल्य. थकलेल्यांनी तिथे सावलीत बसावे, उत्साही मंडळींनी फिरावे. उघड्यावर खाताना मात्र सीगल पक्ष्यांपासून घास सांभाळा.

शेवटी : द रॉक्स

जहाजाला लागूनच असलेली ही जुनी वस्ती शेवटी ठेवा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथली घरे पाडून उंच इमारती उभारायचे घाटत होते. रहिवाशांनी विरोध केला आणि जॅक मंडी यांच्या बांधकाम कामगार संघटनेने पाडकामाला हात लावायलाच नकार दिला. म्हणून आज इथल्या दगडी गल्ल्या शिल्लक आहेत. आईची खरेदी इथे होऊ शकते. वेळ कमी पडला तरी जहाज समोरच दिसत असते.

हे विसरू नका

भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आधीच काढावा लागतो. मधे दुसऱ्या देशात जाऊन जहाज परत येणार असेल, तर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे ना, ते तपासा. खाद्यपदार्थ आणि फळांबाबत नियम कडक आहेत. डब्यातले लाडू-लोणचे जाहीर केल्याशिवाय नेऊ नका, फळे जहाजावरच संपवा.

आणि घड्याळ! जहाजावरची वेळ आणि शहरातली वेळ एकच आहे का, ते उतरतानाच विचारा. परतण्याची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते. जहाजाने स्वतः नेलेल्या सहलीला उशीर झाला तर सहसा थांबतात किंवा सोय करतात. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबेलच असे नाही. म्हणून किमान एक तास हातात ठेवा.

एवढ्याने सगळी सिडनी पाहून होणार नाही. पण जे पाहाल ते आजींसह सगळ्यांनी मिळून पाहिलेले असेल. रात्री जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी असले, म्हणजे दिवस सत्कारणी लागला असे समजावे.