छकुलीने फ्रीज बंद केला, त्याची गोष्ट

आधीच सांगून टाकतो, हा लेख ‘झाडे लावा, झाडे जगवा’ छापाचा नाही. त्या विषयाचा पेपर आपण सगळ्यांनीच दिलाय. आदल्या रात्री झेरॉक्स वाचली, सकाळी पेपर लिहिला आणि संध्याकाळी टपरीवर चहा पिता पिता सगळं विसरूनही गेलो. ही गोष्ट आहे माझ्या सहा वर्षांच्या भाचीची, तिच्या एका चित्रांच्या पुस्तकाची आणि पातेलंभर आमरसाची.

गेल्या मे महिन्यात सबमिशन, ओरल, पेपर सगळं उरकून मी ताईकडे गेलो. ताई विदर्भात राहते. भाऊजी तिथल्या एका औष्णिक वीज केंद्रात नोकरीला आहेत. बाहेर पंचेचाळीस डिग्री, घरात कूलरची घरघर आणि समोर आमरस-पोळी. मेसच्या डाळीवर सहा महिने काढलेल्या माणसाला आणखी काय हवं? पण दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा आरडाओरडा ऐकूनच जाग आली. फ्रीज रात्रभर बंद होता. दूध नासलेलं, रस आंबलेला. आधी वाटलं लाईट गेली असेल. मग छकुलीच म्हणाली, “मीच बंद केला. अस्वलासाठी.”

झालं होतं असं, की तिला वाढदिवसाला कुणीतरी एक गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक दिलं होतं. त्यात एक पांढरं अस्वल बर्फाच्या तुकड्यावर बसून रडतंय. पुढच्या पानावर काळा धूर सोडणाऱ्या चिमण्या, त्यांना राक्षसासारखे डोळे आणि दात. शेवटच्या पानावर लिहिलेलं, की आता पृथ्वीला फक्त तूच वाचवू शकतेस, वीज वाचव! छकुलीने वाचवली. आमरसाचं दुःख मी गिळलं, पण तिने पुढे जे विचारलं ते काही गिळता येईना. ती म्हणाली, “मामा, बाबा त्या चिमणीतच काम करतात ना? मग अस्वलाला बाबा मारतात का?”

भाऊजी नाईट शिफ्ट करून नुकतेच आलेले. दारात बूट काढत होते. त्यांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत, सरळ आत जाऊन झोपले. मी थर्ड इयर मेकॅनिकलचा विद्यार्थी. थर्मोडायनॅमिक्स शिकलोय, रँकिन सायकल झोपेत काढतो. पण त्या पोरीला काय उत्तर द्यावं हे मला सुचलं नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. एवढ्या लहान मुलांना हवामान बदल सांगावा का, आणि सांगायचाच तर कसा?

‘सांगूच नये’ म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. डेव्हिड सोबेल नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1996 साली या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. लहान मुलांच्या अंगावर जंगलं जळण्याच्या, प्राणी मरण्याच्या कथा फेकल्या, तर त्यांना निसर्गाविषयी प्रेम नाही, भीतीच वाटायला लागते, असं त्यांचं म्हणणं. आधी ओढा, झाड, किडे-मुंग्या यांच्याशी दोस्ती होऊ द्या, संकटांचं नंतर बघू. हे मला पटतं. मोठ्या मुलांची अवस्थाही काही फार बरी नाही. 2021 साली भारतासह दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली. त्यातल्या 59 टक्क्यांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. आपल्याच वयाची ही मंडळी. मग सहा वर्षांच्या पोराचं काय होत असेल?

पण गप्प बसण्यानेही भागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरची पोरं होडीतून बाहेर काढली गेली. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये घराघरांत पाणी शिरलं. लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा रांगेत घागरी धरून लहान मुलंही उभी होतीच. या मुलांना आपण काय सांगणार, ‘तुम्ही अजून लहान आहात, हे तुमच्यासाठी नाही’? त्यांनी ते डोळ्यांनी बघितलंय. त्याला नाव आणि कारण तेवढं मिळालेलं नाही.

तेव्हा सांगावं, हे माझं मत. प्रश्न ‘कसं’ चा आहे, आणि तिथे आपल्याकडे येणारी बरीच पुस्तकं मार खातात, असं मला वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे अंतर. विदर्भातल्या पोरीने पांढरं अस्वल कधी बघायचं? तिने बघितलाय तो भर दुपारी वितळलेला डांबरी रस्ता, वाळ्याचा पडदा आणि अवकाळी पावसाने गळलेला आंब्याचा मोहोर. गोष्ट तिथून सुरू करायला काय हरकत आहे? घरातल्या, गल्लीतल्या साध्या गोष्टींवर किती सुंदर चित्रपुस्तक होतं, हे माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’ मध्ये मराठीतच दाखवून दिलंय. ती नजर या विषयाला मिळाली पाहिजे.

दुसरी गोष्ट, चित्र खोटं नको. छकुलीच्या पुस्तकात कुलिंग टॉवरमधूनही काळा धूर काढलाय! कुलिंग टॉवरमधून पाण्याची वाफ येते, हे आपल्याला सेकंड इयरला शिकवतात. चिमणीतून राख आणि सल्फर डायऑक्साइड येतं हे खरं, पण ज्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते तो डोळ्यांना दिसतच नाही. काळा धूर दिसला नाही म्हणजे सगळं आलबेल, असं शिकलेलं पोर मोठं होऊन तसंच वागणार. हसू नका, आपल्यातही किती जण व्हायवाला सांगतात, की ओझोनला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते! ते दोन वेगळे प्रश्न आहेत. लहानपणी डोक्यात बसलेलं चित्र किती चिवट असतं बघा. तसंच प्रत्येक पुराचं खापर हवामान बदलावर फोडणंही खोटंच. नदीपात्रातली बांधकामं, बुजवलेले नाले यांचाही वाटा असतो. हवेचं तापमान एक डिग्रीने वाढलं की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोरात कोसळू शकतो, एवढं आपण नक्की सांगू शकतो. आणि सहा वर्षांच्या मुलाला ‘मोठा स्पंज जास्त पाणी धरतो’ हे चित्र काढून दाखवता येतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ‘आता तूच पृथ्वीला वाचव’ हे वाक्य लहान मुलांच्या पुस्तकातून हद्दपार झालं पाहिजे. हा सरळसरळ पळपुटेपणा आहे. वीज केंद्र छकुलीने बांधलं नाही, कोळसाही तिने निवडला नाही. ज्यांनी निवडला त्या मोठ्यांनी आपलं ओझं सहा वर्षांच्या डोक्यावर ठेवायचं आणि वर म्हणायचं, मुलं ही उद्याची आशा! आणि राक्षसाचे दात काढलेल्या चिमणीखाली कुणाचा तरी बाप डबा खात असतो, हे चित्रकाराच्या डोक्यातच आलं नाही. आजही देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज कोळशावर तयार होते. ज्या दिव्याखाली ते पुस्तक वाचलं तो दिवाही बहुतेक त्यावरच लागलेला.

मग चांगलं पुस्तक असतं तरी कसं? जुलैमध्ये परत आल्यावर सिव्हिलच्या आमच्या मॅडमना हा किस्सा सांगितला. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या मुलाचं एक पुस्तक आणून दिलं, ‘बरीड सनलाइट’. 2014 सालचं. चित्रकार मॉली बँग आणि जोडीला पेनी चिझम. या चिझमबाई कोण, तर एमआयटीच्या सिव्हिल आणि पर्यावरण अभियांत्रिकी विभागातल्या प्राध्यापक! आपल्याकडे असा प्राध्यापक ‘बालवाङ्मय’ करतोय म्हटलं तर स्टाफरूममध्ये काय चर्चा होईल याची कल्पना करा. त्यात गोष्ट सांगतो खुद्द सूर्य. माझं ऊन झाडांनी धरून ठेवलं, त्यातलं थोडं जमिनीत गाडलं गेलं, कोट्यवधी वर्षं साठत राहिलं, आणि माणूस ते काही शतकांत जाळून टाकतोय, असा सगळा हिशोब. राक्षस नाही, रडारड नाही. शेवटी मोठ्यांसाठी नीट टिपाही आहेत.

दिवाळीत ते पुस्तक घेऊन गेलो. इंग्रजी छकुलीला कळत नाही, म्हणून चित्रं दाखवत मराठीत सांगितलं. भाऊजींनी स्वतः कोळशाचा एक तुकडा आणून तिच्या हातावर ठेवला. आपल्या विदर्भातला कोळसा साधारण 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसोरच्याही आधीचा. “हे जुनं ऊन आहे,” भाऊजी म्हणाले. तिने तुकडा कानाला लावून पाहिला, का ते तिलाच ठाऊक. मग मी गोधडीची गोष्ट सांगितली. पृथ्वीने हवेची एक गोधडी पांघरलीय. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 च्या आसपास असतं, म्हणजे आपण कुल्फी झालो असतो. गोधडी चांगलीच आहे. पण जुनं ऊन जाळलं की ती जाड होते. कारखाने यायच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 280 भाग होते, आता ते 420 च्या वर गेलेत. म्हणजे दीडपट. आकडे तिला नाही सांगितले. “मे महिन्यात दोन गोधड्या घेऊन झोपशील का?” एवढंच विचारलं. “ई, नाही!” म्हणाली. रेडिएटिव्ह फोर्सिंगचा पहिला धडा संपला.

आणि मग तिने विचारलं, “बाबा जुनं ऊन वापरतात. मग नवीन ऊन कोण वापरतं?”

समोरच्या घराच्या गच्चीवर सोलर पॅनल होते, ते दाखवले. रात्री ऊन नसतं तेव्हा काय करायचं, हाही तिचाच पुढचा प्रश्न. बॅटरीबद्दल काहीतरी बोललो. भाऊजी म्हणाले, “हे तुझ्या मामालाच शोधून काढू दे, दीड वर्षात इंजिनिअर होतोय.” ते हसत होते, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. कारण कॅम्पसला ज्या कंपन्या येतात त्यांच्यातच हा प्रश्न सुटणार आहे किंवा आणखी बिघडणार आहे. आणि तिथे छकुली नाही, आपण बसणार आहोत. रूमला कुलूप आणि आत पंखा गरागरा, ही आपली आजची तयारी! ताटात टाकलेल्या भाताबद्दल तर बोलायलाच नको.

‘हे इंजिनिअरचं काम नाही, ते आर्ट्सवाल्यांना करू दे’ म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव सांगतो. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, आणि मग ती सोडून आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि मुलांची पुस्तकं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह कितीतरी भाषांतली पुस्तकं फुकट आहेत. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘प्रथम बुक्स’ ने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरही मुलांच्या सचित्र गोष्टी मोफत मिळतात. त्या भाषांतर करायला आणि छापायला परवानगी आहे. म्हणजे साहित्य आहे, परवानगी आहे. उणीव आहे ती शनिवारी दोन तास काढणाऱ्यांची.

हॉस्टेलच्या मागच्या गेटमधून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या बाईंशी बोललोय, शनिवारी शाळा सकाळची असते, शेवटचा तास त्या आपल्याला द्यायला तयार आहेत. विचार असा आहे, की आपल्याच गावचा ओढा, कूलर, कोळसा आणि गोधडी घेऊन मराठीत तीन-चार चित्रपुस्तकं करायची. चित्रं मुलंच काढतील, आपल्या ड्रॉइंग शीटवरच्या चित्रकलेची अवस्था सर्वांना माहीत आहेच. त्यातलं विज्ञान मात्र आपण तपासायचं, आणि मॅडम आपल्याला तपासणार. अटी तीनच. गोष्ट गावातून सुरू होईल, चित्र खोटं असणार नाही, आणि शेवटच्या पानावर ‘तूच वाचव’ असं लिहिलेलं नसेल. त्याऐवजी काम करणारी मोठी माणसं दिसतील.

यायचं असेल त्यांनी येत्या शनिवारी नाश्ता झाल्यावर मागच्या गेटपाशी भेटा. स्टाफपैकी कुणी आलं तर आनंदच. आणि हो, निघताना रूमचा पंखा बंद करा. अस्वलासाठी नाही, असाच.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)