दुसऱ्याच्या पात्राला हात लावू नका

साहित्यिक चर्चेत ‘रोलप्ले’ हा शब्द उच्चारला की हमखास कुणीतरी गालात हसतं. दोघा-चौघांनी एकेक पात्र वाटून घ्यायचं आणि आळीपाळीने परिच्छेद लिहीत गोष्ट पुढे न्यायची, हा म्हणे पोरखेळ. साहित्य म्हणजे एकट्याची साधना! मी स्वतः असं लेखन करते आणि माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इतकी कडक तालीम आपल्या लेखनशिबिरांत मिळत नाही.

याचे नियम पाहा. पहिला: दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. माझ्या पात्राने तलवार उगारली, इतकंच मी लिहावं. ती लागली की हुकली, हे समोरचा लिहील. दुसरा: मला ठाऊक असलेलं सगळं माझ्या पात्राला ठाऊक नसतं. शेजारच्या खोलीतला कट मी वाचलेला असतो, त्याने ऐकलेला नसतो. तिसरा: परिच्छेद असा थांबवायचा की पुढच्याच्या हाती धागा लागावा. चौथा: कोणत्या विषयांत शिरायचं नाही, ते आधीच बोलून घ्यायचं.

आता आपल्या कादंबऱ्या आठवा. शेतमजूर बाई लेखकाचं भाषण बोलते. खलनायकाची अक्कल नायकाच्या सोयीने गहाण पडते. पात्रं कधी ‘नाही’ म्हणत नाहीत, कारण त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणणारं समोर कुणी बसलेलंच नसतं.

पोरखेळच म्हणायचा, तर ब्राँटे भावंडांचं काय? १८२६ मध्ये घरी आलेल्या लाकडी शिपायांवरून चौघांनी मिळून काल्पनिक राज्यं रचली. १८४५ मध्ये यॉर्कच्या प्रवासात एमिली आणि ॲन आपल्या ‘गोंडाल’मधली पात्रं होऊन वावरत होत्या. एमिली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दोन वर्षांनी तिची ‘वुदरिंग हाइट्स’ प्रसिद्ध झाली. आणि हे परकं वाटत असेल तर कोकणातला दशावतार पाहा. कथानक ठरलेलं असतं, पण संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे घडतात. समोरच्याचं ऐकल्याशिवाय तिथे निभावच लागत नाही.

यातलं बरंचसं लेखन कच्चं असतं, हे खरंच आहे. कच्चं तर दिवाळी अंकांतही छापलं जातं. म्हणून कुणी कथेलाच मोडीत काढत नाही. इथे प्रश्न छापण्याचा नाहीच, सवयीचा आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा हक्क आपण जन्मजात मानला आहे, आणि त्या हक्काला ‘प्रतिभा’ असं नाव दिलं आहे.

म्हणून शिबिरं भरवणाऱ्यांना एकच मागणी: एक व्याख्यान कमी करा. त्या तासात शहरातल्या नामवंत लेखकासमोर खेड्यातली लिहिणारी मुलगी बसवा. त्याचं पात्र त्याच्याकडे, तिचं तिच्याकडे. त्याने एक परिच्छेद लिहावा, कागद तिच्याकडे सरकवावा, आणि मग गप्प बसून वाट पाहावी.