अलार्म वाजला, तर येणार कोण?



नवीन घर झालं की खर्चाची यादी काही संपत नाही. पडदे, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी, आणि सगळ्यात शेवटी "चोरीसाठी काहीतरी लावून घेऊ". मग दुकानात जाऊन पहिला प्रश्न काय, तर "केवढ्याला पडेल?" माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्न शेवटी विचारा. आधी स्वतःला विचारा: अलार्म वाजला, तर येणार कोण? आणि किती मिनिटांत?

तुमच्यापैकी बरेच जण धंदा घरातूनच सुरू करताय. एका खोलीत शिलाई मशीन, ऑर्डरचं कापड, मसाल्याची पाकिटं, आठवड्याची रोकड. तुमच्याकडे चोरी झाली तर भांडवल जातं, आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीखही हुकते. घराच्या विम्यात धंद्याचा माल आपोआप येतो, असंही समजू नका. पॉलिसी काढून वाचा, एजंटकडून लेखी उत्तर घ्या.

खरा हिशोब मिनिटांचा

अलार्म चोराला पकडत नाही. तो फक्त वेळेवर ओरडतो. म्हणून तो कधी ओरडतो, याला महत्त्व आहे.

समजा, सेन्सर हॉलमध्ये आहे. तो वाजेल तेव्हा चोर आत आलेला असेल. कपाट उचकटायला त्याला पाच मिनिटं लागणार आणि तुमचा भाऊ पंधरा मिनिटांवर राहतो. हिशोब जमला का? नाही. आता उलट करा. दाराच्या चौकटीवर व्हायब्रेशन सेन्सर आहे, बाहेर मजबूत लोखंडी सेफ्टी डोअर आहे. कटावणीचा पहिला झटका बसला की सायरन सुरू, आणि चोर अजून बाहेरच. त्याला तिथूनच पळावंसं वाटेल.

म्हणून बजेट कमी असेल तर आधी दार, ग्रिल आणि आतून बसवलेलं चांगलं लॉक. बाहेर लोंबणारं कुलूप तर "आम्ही गावाला गेलोय" असा बोर्डच असतो. अलार्म त्यानंतर.

नवीन वस्तीची अडचण

फ्लॅट असेल तर वॉचमन आहे, शेजारी आहेत. सायरनचा उपयोग होतो. पण नवीन प्लॉटिंगमध्ये आजूबाजूची निम्मी घरं अजून बांधायचीच असतात. तिथे सायरन ऐकणार कोण? अशा ठिकाणी फोन करणारा अलार्म घ्या आणि त्यात फक्त स्वतःचा नंबर टाकू नका. तुम्ही लग्नाला कोल्हापूरला असाल तर मोबाइल वाजून काय उपयोग? जवळ राहणारी दोन माणसं ठरवा, त्यांच्याशी आधी बोला. त्यांनी एकट्याने आत शिरायचं नाही. ११२ला फोन करायचा आणि पत्ता नीट सांगायचा. नवीन वस्तीत पत्ता सांगताना गोंधळ होतो, म्हणून प्लॉट नंबर आणि जवळची खूण त्यांना लिहून द्या.

विकत घेण्याआधी हे तपासा

- सिम कुठलं चालतं? स्वस्तातले बरेच जीएसएम पॅनेल २जीवर चालतात. जिओचं २जी नेटवर्कच नाही, म्हणजे त्यात जिओचं सिम चालणार नाही. सिमचं रिचार्ज संपलं तरी फोन जाणार नाही.
- लाइट गेली तर? पॅनेलला बॅटरी असते, पण वाय-फायच्या राउटरला बॅकअप नसेल तर अ‍ॅपवर काहीच येणार नाही. फक्त वाय-फायवर विसंबू नका.
- पीआयआर सेन्सर कुठे लावणार? तो हलत्या उष्णतेवर चालतो. समोर थेट ऊन, मांजर किंवा सेन्सरच्या भिंगावर पाल आली तरी तो फसू शकतो. आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीच अंगाइतकी तापली की माणूस ओळखणं त्याला जड जातं. दारा-खिडक्यांना मॅग्नेटिक सेन्सर यापेक्षा भरवशाचा: चुंबक दूर गेलं की सर्किट बदलतं, बस.
- गिलावा झालाय का? नसेल तर आजच प्रत्येक दार-खिडकीच्या चौकटीपर्यंत आणि सायरनच्या जागेपर्यंत रिकामा कन्सिल्ड पाइप टाकून ठेवा. खर्च किरकोळ आहे. नंतर भिंत फोडावी लागते, नाहीतर वायरलेस सेन्सरच्या बॅटऱ्या बदलत बसावं लागतं.

खोटा अलार्म सगळ्यात महाग

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. महिन्यात तीनदा रात्री दोन वाजता उगाच सायरन वाजला की शेजारी कूस बदलून झोपतात. मग तुम्हीच वैतागून सिस्टीम बंद करता. दहा सेन्सरच्या भपकेबाज किटपेक्षा योग्य जागी लावलेले चार सेन्सर चांगले. महिन्यातून एकदा वाजवून बघा, शेजाऱ्यांना सांगून.

"सर, कॅमेरा आहे की!" असं बरेच जण म्हणतात. कॅमेरा जरूर लावा, पुरावा मिळतो. पण रेकॉर्डिंग बघेपर्यंत माल गेलेला असतो. कॅमेऱ्याला अलार्मचं काम सांगू नका.

आता धंद्याचं बोलू

अलार्म बसवण्याचा व्यवसाय करू पाहणाऱ्यांनी वरचं सगळं पुन्हा वाचा, यावेळी विक्रेत्याच्या नजरेनं. गिऱ्हाईक किटची किंमत मोबाइलवर दोन मिनिटांत काढतं. तिथे स्वस्त देण्याच्या शर्यतीत उतरलात तर नफा उरणार नाही. पण घराभोवती फेरी मारून "चोर इथून येईल, मदत इतक्या मिनिटांत येईल, म्हणून सेन्सर इथे" असं कागदावर काढून देणारा माणूस किती जणांना भेटतो? त्या फेरीचे पैसे घ्या. वर्षातून दोनदा येऊन बॅटरी, सिम आणि सायरन तपासण्याचा करार करा. लोक विश्वासाला पैसे देतात, आणि विश्वास किटच्या खोक्यात येत नाही.

या रविवारचा गृहपाठ: स्वतःच्या घराला कुलूप लावा, बाहेर उभे राहा आणि घड्याळ लावून जवळच्या माणसाला फोन करा. तो पोचेपर्यंत किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. अलार्मच्या दुकानात जाताना ती वही सोबत न्या.