‘तपासलं म्हणून कॅन्सर निघाला’ : हे वाक्य चार घरांत मांडून बघा

अणदूर-नळदुर्ग भागात गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीचा विषय काढला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अमकीनं तपासून घेतलं, कॅन्सर निघाला आणि वर्षात गेली. त्यापेक्षा न तपासलेलंच बरं."

असं म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. तिनं पाहिलेलं खरंच असतं. पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे, आणि या चुकीपायी बायकांचे जीव जातात. म्हणून या वाक्याचा आज सरळ हिशेब करू.

एकाच घरावरून निकाल नको

कागदावर चार घरं आखा. तपासलं आणि दगावली. तपासलं आणि वाचली. तपासलं नाही आणि दगावली. तपासलं नाही आणि वाचली.

गावात चर्चा होते ती फक्त पहिल्या घराची. वेळेत उपचार होऊन बरी झालेली बाई ही गोष्ट चारचौघांत सांगत नाही. न तपासता गेलेल्या बाईबद्दल लोक "नशीब" म्हणतात आणि विषय संपवतात. तीन घरं झाकून चौथ्यावर निकाल देणं याला अनुभव म्हणत नाहीत.

खरा प्रश्न असा विचारायचा: तपासणी मिळालेल्यांपैकी किती गेल्या, आणि न मिळालेल्यांपैकी किती? सगळी मेख त्या ‘पैकी’ शब्दात आहे.

हा हिशेब आपल्याच जिल्ह्यात झालाय

हे आकडे परदेशातून आणावे लागत नाहीत. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह केले आणि कोणत्या समूहाला कोणती तपासणी द्यायची, हे सोडत काढल्यासारखं ठरवलं. तपासणी आयुष्यात एकदाच झाली, पुढे आठ वर्षं लक्ष ठेवलं. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. त्यातले दोन गट बघा:

| | एचपीव्ही तपासणीचा गट | तपासणी न दिलेला गट |
|---|---|---|
| एकूण बायका | ३४,१२६ | ३१,४८८ |
| कॅन्सर आढळला | १२७ | ११८ |
| त्यापैकी दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यात | ३९ | ८२ |
| या कॅन्सरने दगावल्या | ३४ | ६४ |
| या कॅन्सरने दगावल्या नाहीत | ३४,०९२ | ३१,४२४ |

दुसरी ओळ दाखवून कोणीही म्हणेल, "बघा, तपासलेल्यांत कॅन्सर जास्त!" १२७ आणि ११८. पण ‘पैकी’ विचारा. लाखामागे हिशेब केला तर एकीकडे सुमारे ३७२ आणि दुसरीकडे सुमारे ३७५. म्हणजे सारखेच. तपासणीनं कॅन्सर आणला नाही.

आता तिसरी ओळ. तपासणीच्या गटात कॅन्सर निघालेल्या १२७ पैकी ३९ जणींचा आजार पुढे गेलेला होता, म्हणजे शंभरात ३१. दुसऱ्या गटात ११८ पैकी ८२, म्हणजे शंभरात ६९. आणि मृत्यू? लाखामागे साधारण १०० विरुद्ध २०३. निम्मे.

"तपासायला येणाऱ्या बायका मुळातच काळजी घेणाऱ्या असतील," अशी शंका रास्त आहे. म्हणूनच गट सोडतीनं पाडले होते. तपासणीच्या गटातल्या, पण बोलावूनही न आलेल्या बायकासुद्धा ३४,१२६ मध्येच धरल्या आहेत.

फायदा फुगवूनही सांगायचा नाही. आठ वर्षांत हजारामागे दोन मृत्यू होते, तिथे एक झाला. पण ज्या घरातली बाई वाचली, त्या घराला हा आकडा लहान नाही.

मग ती ‘अमकी’ वर्षात का गेली?

कारण बहुतेक वेळा ती त्रास सुरू झाल्यावर आलेली असते. संबंधानंतर रक्त जातं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं, अंगावरून घाण वासाचं पाणी जातं. म्हणजे कॅन्सर आधी होता, तपासणी नंतर झाली. दोष मात्र तपासणीच्या माथी. अशी लक्षणं असतील तर शिबिराची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर नव्हे

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. याच अभ्यासात एचपीव्ही तपासणी केलेल्या दर शंभरांत सुमारे दहा जणींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कॅन्सरच्या आधीचा गंभीर बदल सापडला तो शंभरांत जेमतेम एकीला. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणींना तसा काही बदल आढळला नाही. "बदल असेल तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता" आणि "रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर बदल असण्याची शक्यता" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची अदलाबदल करून भीती विकली जाते. "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" हे मराठवाड्यातल्या किती बायकांनी ऐकलं असेल! पॉझिटिव्ह रिपोर्टनंतरची पायरी म्हणजे दुर्बिणीतून तपासणी आणि गरज वाटली तर तुकडा काढून बघणं. थेट पिशवी काढणं नव्हे.

आता सरकारला प्रश्न

याच अभ्यासात पॅप चाचणी आणि व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी बघण्याची व्हीआयए तपासणी, हेही दोन गट होते. एकदाच केलेल्या त्या तपासण्यांनी मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. मुंबईतल्या वस्त्यांत व्हीआयए दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मात्र मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते. आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय सूचनांत मात्र व्हीआयए, तीही पाच वर्षांतून एकदा. ज्या जिल्ह्यातल्या बायकांमुळे जगाला पुरावा मिळाला, त्याच बायकांना ती तपासणी गावाजवळ फुकट का मिळू नये? तपासणी न दिलेल्या गटातले ते ६४ मृत्यू आपल्याच लेकीसुनांचे होते. असा गट ठेवण्यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्तच होती. इतकी किंमत मोजून मिळालेलं उत्तर कागदावर पडू देणं हा दुसरा अन्याय आहे.

तुमचं वय तिशीच्या पुढे असेल, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा: एचपीव्ही तपासणी कुठे होते? ती मिळत नसेल तर व्हीआयए करून घ्या, पण ठरल्या वेळी पुन्हा करा. आणि पुढच्या वेळी कोणी "अमकीला तसं झालं" म्हणालं, तर एकच विचारा: "कितीजणींपैकी?"