शोधयंत्र आणि विवेक

एखाद्या ग्रंथालयात लक्षावधी ग्रंथ असावेत आणि त्यांची सूची मात्र नसावी, तर त्या ग्रंथांचा उपयोग काय? हवा तो ग्रंथ शोधता शोधता वाचकाचे आयुष्य सरेल! जगभरचे संगणक परस्परांना जोडले गेले, तेव्हा हीच अडचण उभी राहिली. ती शोधयंत्रांनी दूर केली. १९९० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टेज यांनी रचलेले ‘आर्ची’ केवळ फायलींची नावे शोधून देई. आजची यंत्रे पानांतील मजकूरही धुंडाळतात.

प्रश्न विचारताच हे यंत्र साऱ्या जगात धावत सुटते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः त्याचे धावणे आधीच झालेले असते. त्याचे प्रोग्राम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर असे अहोरात्र हिंडतात आणि कोणता शब्द कोठे आला याची नोंद करतात. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही प्रचंड सूची होय. उत्तर तिच्यातून निघते. म्हणूनच ते क्षणार्धात मिळते.

परंतु एका शब्दासाठी लाखो पाने सापडली, तर अग्रपूजेचा मान कोणाला? स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी युक्ती योजिली: ज्या पानाकडे अनेक पाने, विशेषतः महत्त्वाची पाने, बोट दाखवतात, ते आधी दाखवावे. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलचा पाया हाच. पुढे तीत इतर कसोट्यांची भर पडली.

येथेच सावध राहिले पाहिजे. अनेकांनी बोट दाखवले, म्हणून एखादी गोष्ट खरी ठरते काय? १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाली, तेव्हा असे यंत्र असते, तर ‘सूर्य पृथ्वीभोवती फिरतो’ हेच पान बहुधा सर्वांत वर आले असते! शिवाय पैसे देऊन वर आणलेल्या जाहिरातीही तेथेच मिरवत असतात.

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही; आणि आडातले पाणी गढूळ असेल, तर पोहराही गढूळच भरतो. म्हणून पाणी गाळूनच प्यावे. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, हे तीन प्रश्न म्हणजेच ते गाळणे. यंत्र माहिती आणून देते. तिचे ज्ञान करणे हे मनुष्याच्या विवेकाचेच काम आहे.