चिमुकल्यांच्या शिक्षिकेला पदवी हवी, आणि तिला साजेसे पदही

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले आणि कोरेगाव भीमा मागे पडले की सणसवाडी येते. शिरूर तालुक्यातले हे गाव आता शेतीपेक्षा कारखान्यांसाठी जास्त ओळखले जाते. रस्त्यालगत कंपन्यांची कुंपणे, आणि आत शिरले की भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. या खोल्यांत मराठवाडा-विदर्भातून आलेली जोडपी राहतात, तशी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेलीही. सोबत आजी नाही, आत्या नाही, भावकी तर लांबच राहिली. दोघेही पाळीवर गेले की दोन वर्षांचे लेकरू शेजारणीच्या ओट्यावर, नाही तर दुसरीत शिकणाऱ्या बहिणीच्या कडेवर. अंगणवाडी काही तासांची. फी परवडत असेल, तर मग एखाद्या गाळ्यातली ‘नर्सरी’.

या लेकरांना दिवसभर सांभाळणारी, त्यांच्याशी बोलणारी, त्यांना शिकवणारी बाई स्वतः काय शिकलेली असावी? गावच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, कचरा यांवर तावातावाने बोलले जाते. या प्रश्नावरही तितक्याच तावातावाने बोलायला हवे.

सध्याची रीत उफराटी आहे. पहिलीच्या वर्गावर शिक्षक व्हायचे तर डी.एल.एड. हवे, टीईटी हवी. त्याच शाळेच्या आवारातल्या अंगणवाडीत सेविका होण्यासाठी २०२३ पासून बारावी पास ही अट आहे. त्याआधी ती दहावी होती. खासगी नर्सरीत तर संचालकाला योग्य वाटेल ती बाई उभी राहते. मूल जितके लहान, तितके त्याच्या शिक्षिकेचे शिक्षण कमी चालते, असा हा अलिखित नियम आहे. आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मात्र सांगते की मेंदूच्या वाढीचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग वयाच्या सहा वर्षांच्या आतच होतो.

इतक्या लहान मुलांना शिकवण्यात शिकण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना मनापासून वाटते. समजा, साडेतीन वर्षांची एक मुलगी चिंचोक्यांच्या ढिगापुढे बसली आहे. समोर बाटल्यांची झाकणे मांडलेली. ती अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत चिंचोका धरते, एकेका झाकणात एकेक ठेवत जाते. चिंचोके संपतात, दोन झाकणे रिकामी राहतात. ती थबकते, वर पाहते. बालशिक्षण न शिकलेली बाई म्हणेल, ‘छान, आता एक ते शंभर म्हणून दाखव.’ शिकलेली बाई विचारेल, ‘अजून किती लागतील गं?’ आणि गप्प राहील. त्या मुलीला विचार करायला लागणारा वेळ ती तिला देईल. एकास एक जोडी लावणे हा संख्येचा पाया आहे आणि पाढे घोकण्याच्या कितीतरी आधी तो घातला जातो, हे तिला ठाऊक असेल. ती चिमटी म्हणजे उद्या पेन्सिल धरणारी बोटे, हेही तिला दिसेल. मुलीने भोजपुरीत उत्तर दिले तर तिला गप्प न करता ती तेच उत्तर आधी स्वीकारेल, मग मराठीत म्हणून दाखवेल. आणि मुलीचे दीड वर्षाचे भावंड रांगत तिथे आले, तर ती चिंचोके आधी उचलून ठेवेल, कारण ते नाकातोंडात जातात. त्याच्यापुढे वाट्या आणि मोठी झाकणे येतील. एवढ्या पाच मिनिटांत बालमानसशास्त्र आले, भाषाशास्त्र आले, गणिताचे अध्यापन आले, आरोग्यही आले. हे सगळे आईपणाच्या मायेतून आपोआप उमगते, असे म्हणणे हा त्या मायेवरही अन्याय आहे.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने सांगायला लागू नये. ताराबाई मोडक १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवी घेतलेल्या बाईला कोणत्याही मोठ्या शाळेचे दार उघडे होते. त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर बसल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढे दादरचे शिशुविहार. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि त्यांच्या सोबत आल्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ. अनुताई मूळच्या याच पुणे जिल्ह्यातल्या. १९१० साली मोरगावला जन्मलेल्या, बालविवाह आणि बालवैधव्य भोगलेल्या, नोकरी सांभाळून पुढच्या परीक्षा दिलेल्या.

१९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. महागडी मॉन्टेसरी साधने वारली आदिवासींच्या पाड्यावर परवडणार नव्हती. म्हणून या दोघींनी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे गोळा करून त्यांतून साधने घडवली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा बाईच त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येते म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी झाली. सणसवाडीच्या खोल्यांमधली ती दुसरीतली बहीण आणि तिच्या कडेवरचे मूल यांची अडचण नेमकी हीच आहे, आणि तिचे उत्तर याच राज्यात साठ वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे.

ते उत्तर अभ्यासातून आले होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांची साधने या दोघींनी नव्याने घडवली, त्या खुद्द मारिया मॉन्टेसरी वैद्यकशास्त्र शिकलेल्या डॉक्टर होत्या. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो भागात, कामगारांच्या चाळवजा वस्तीत उघडले. आई-बाप कामावर गेलेली मुले जिन्यांवर, गल्लीत भटकत होती, म्हणून ते सुरू झाले. आज महागड्या शाळांच्या पाटीवर दिसणारे हे नाव जन्माला आले ते कामगारांच्या मुलांसाठी.

आता विद्यापीठांकडे वळू. बालविकासाचा अभ्यास आपल्याकडे गृहविज्ञानाच्या शाखेत वाढला. एसएनडीटी महिला विद्यापीठात तो आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात आहे, शेजारच्या बडोद्यात तर तो अनेक दशके नावाजलेला आहे. या शाखेची एक फार चांगली परंपरा म्हणजे प्रयोगशाळा-बालवाडी. विभागाच्या आवारातच खरी मुले येतात, विद्यार्थिनी त्यांचे निरीक्षण करतात, नोंदी ठेवतात, शिकवून पाहतात. वैद्यकीय महाविद्यालयाला जसे रुग्णालय, तशी या अभ्यासाला ही बालवाडी. पण ‘होम सायन्स म्हणजे स्वयंपाक आणि शिवण’ अशी समजूत होऊन बसली आणि शाखेचे मोल समाजाला कळलेच नाही.

नव्या धोरणाने दार पुन्हा किलकिले केले आहे. तीन ते आठ वर्षे हा ‘पायाभूत स्तर’ ठरला, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.मध्ये, म्हणजे आयटीईपीमध्ये, पायाभूत स्तर निवडून शिक्षक होता येते. २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७ संस्थांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. सणसवाडीतल्या बारावी झालेल्या मुलीला लहान मुलांची शिक्षिका व्हायचे असेल, तर कागदावर आता तिच्यासाठी विद्यापीठाची वाट आहे.

पण चार वर्षे शिकून ती लागणार कुठे? जिल्हा परिषदेच्या शाळांत बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या, पदवीधर शिक्षिकेचे वेगळे मंजूर पद सर्वसाधारणपणे नाही. अंगणवाडीत गेली तर ती ‘मानधनी’ सेविका होणार. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने सेविकांचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० केले, मदतनिसांचे ४,४२५ वरून ५,५००. त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीअखेरपर्यंत चालला. २०२४ मध्ये मानधनात पुन्हा वाढ झाली, पण ते मानधनच राहिले, वेतन झाले नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायलाही सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला. खासगी नर्सरीतला पगार तर विचारूच नये. ज्या कामाला पद नाही त्याची पदवी कोण घेईल? डी.एड.चा, म्हणजे आताच्या डी.एल.एड.चा, अनुभव ताजाच आहे. गावोगाव महाविद्यालये निघाली, मग भरती थांबली, पोरे पदविका घेऊन कंपन्यांच्या गेटवर उभी राहिली आणि महाविद्यालये ओस पडली. बालशिक्षणाच्या पदवीचे तसे होऊ द्यायचे नसेल, तर पद आधी निर्माण झाले पाहिजे.

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. तमिळनाडूत अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४० अंगणवाड्यांमध्ये एक प्रयोग केला. निम्म्या केंद्रांना फक्त बालशिक्षणासाठी एक जादा अर्धवेळ कार्यकर्ती दिली. पूर्वप्राथमिक शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित आणि भाषा सुधारली, कुपोषणही घटले. या जादा कार्यकर्त्या काही बालशिक्षणाच्या पदवीधर नव्हत्या. मग पदवीचा आग्रह कशाला, जादा हात द्या म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. जादा हात तर द्यायलाच हवेत. एकटी सेविका ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर नोंदी भरते, वजन-उंची घेते, आहार वाटते, गरोदर बायकांच्या घरी जाते, सर्वेक्षणे करते. तिला चिंचोके घेऊन बसायला सवडच मिळत नाही. पण त्या प्रयोगाने दाखवला तो रिकाम्या राहिलेल्या वेळेचा तोटा. तो वेळ मिळाल्यावर त्यात काय घडावे, हा त्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याला अभ्यास लागतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या पेरी प्रीस्कूलमध्ये १९६२ पासून गरीब घरांतल्या मुलांबरोबर जे काम झाले, ज्याचा लाभ ती मुले चाळिशीची होईपर्यंत मोजला गेला, तिथे शिक्षक पदवीधर होते आणि दर आठवड्याला घरभेट देत होते. फिनलंडने बालवाडी शिक्षकांचे शिक्षण १९९५ मध्ये विद्यापीठात नेले. तिथे तीन वर्षांवरच्या सात मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती असते. आपल्याला उद्या ते प्रमाण जमणार नाही, पण दिशा तीच हवी.

दुसरी भीती आणखी खरी आहे. पदवीची अट आली तर आज काम करणाऱ्या सेविका बाहेर फेकल्या जातील. तसे होता कामा नये. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत, आणि त्या ज्यांनी उभ्या ठेवल्या त्या बायकांना पात्रतेच्या नावाखाली घरी बसवणे हा कृतघ्नपणा होईल. धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली आहे. ही पहिली पायरी मानावी, तिथे थांबू नये. प्रमाणपत्राचे श्रेयांक पदविकेत, पदविकेचे पदवीत धरले जावेत. वीस वर्षांच्या कामाचेही श्रेयांक व्हावेत. अनुताई नोकरी करत शिकल्या, तशी सोय सणसवाडीच्या सेविकेलाही हवी.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातच हे गाव येते. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यातल्या काही अंगणवाड्या विद्यापीठाने प्रयोगशाळा म्हणून निवडाव्यात. बालशिक्षणाच्या विद्यार्थिनींनी तिथे पूर्ण सत्र काढावे, सकाळी सेविकेच्या हाताखाली, दुपारी खोल्यांमधल्या घरभेटींत. मार्गदर्शक म्हणून सेविकेला विद्यापीठाकडून मोबदला मिळावा आणि तिच्या शिक्कामोर्तबाशिवाय विद्यार्थिनीचे क्षेत्रकार्य पूर्ण धरू नये. अंगणवाडीचा निकष खेड्यात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक असा आहे, आणि शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर या पट्ट्यात वस्ती किती वाढली ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. मोजल्याच न गेलेल्या मुलांची नोंद ठेवण्याचे कामही अशा सत्रात होईल.

पैशाचे काय, असे विचारले जाईल. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. सामाजिक दायित्वाचा दोन टक्के निधीही कंपनी कायद्यात आहे. अंगणवाडीच्या भिंतीवर फुलपाखरे रंगवून, एक घसरगुंडी बसवून हा निधी फार लवकर संपवला जातो. त्यातून गावातल्या मुलींना बालशिक्षणाच्या पदवीसाठी शिष्यवृत्ती द्यावी आणि काही कंपन्यांनी मिळून चालवलेल्या पाळणाघरात त्यांना नेमावे.

याच शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी गावकऱ्यांनी जमीन दिली, पदरमोड केली आणि शाळेचे नाव राज्यभर नेले. लोक इथे शिक्षणासाठी उभे राहतात, हे त्यातून दिसलेच आहे. मात्र लोकवर्गणीतून वेतनश्रेणी उभी राहत नाही. ती राज्य सरकारने द्यायची असते. बालवाटिका ज्या ज्या जिल्हा परिषद शाळेला जोडली जाते, तिथे पायाभूत स्तराच्या एका पदवीधर शिक्षिकेचे पद मंजूर करावे, तिला पहिलीच्या शिक्षकाइतकेच वेतन द्यावे, आणि त्या पदांतला ठरावीक वाटा शिकून वर आलेल्या सेविकांसाठी राखून ठेवावा. शालेय शिक्षण आणि महिला व बालविकास या दोन खात्यांनी एकत्र बसून पहिल्या टप्प्यात औद्योगिक पट्ट्यातली गावे घ्यावीत, कारण तिथल्या मुलांना सांभाळायला घरात दुसरे कोणीही नाही.